सकाळी ७.१० चा सामना : एमएलबी टीव्हीवर सिएटलचा अख्खा हंगाम

गेल्या मार्चमध्ये मी एमएलबी टीव्हीचं सबस्क्रिप्शन घेतलं. मेजर लीग बेसबॉलची ही स्वतःची स्ट्रीमिंग सेवा. पैसे डॉलरमध्ये जातात, त्यामुळे घरात चर्चा झालीच. यांचं म्हणणं, क्रिकेट फुकट दिसतं आणि तू त्या लांबच्या खेळाला पैसे मोजतेस? तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते सप्टेंबरात मिळालं. सिएटल मरिनर्स या अमेरिकेतल्या संघाचा २०२५चा हंगाम मी पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत पाहिला, म्हणून आता लिहिते. पुढच्या हंगामाआधी कुणी घ्यावं की नाही या विचारात असेल तर त्याला उपयोग होईल.

मी इंदूरची, रामबागेतली. कॉलेजात असताना चार वर्षं विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलचाच भाऊबंद) संघात कॅचर होते, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू पकडणारी. इंदुरात मुली सॉफ्टबॉल खेळतात याचं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नवल वाटतं, पण इथे तो खेळ तेव्हाही होता आणि आजही आहे. आमच्या संघात कॅचरचा मास्क एकच होता, त्याचा पट्टा तुटलेला, आम्ही तो परकराच्या नाडीने बांधायचो. उजव्या हाताची तर्जनी अजून पेरापाशी वाकडी आहे. बॅटची कड घेऊन आलेला चेंडू होता, विद्यापीठांच्या स्पर्धेत, दुसऱ्याच इनिंगला. आईने हळद-चुना लावला आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदानावर. पुढे मुलींच्या शाळेत खेळ शिकवले, गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यामुळे माझं हे परीक्षण सगळं प्लेटच्या (बॅटिंग करणारा उभा राहतो त्या जागेच्या) मागे उकिडवं बसून केलेलं आहे असं समजा.

सिएटलच का? माझी भाची तिकडे रेडमंडला असते. २०२३च्या उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे होते, तेव्हा तिने टी-मोबाइल पार्कवर नेलं. ते मैदान १९९९चं, वर सरकतं छत. पाऊस आला की छत पुढे येतं आणि खेळ चालू राहतो. शेजारून रेल्वे जाते आणि ऐन खेळात तिचा भोंगा घुमतो. मला आपल्या छोट्या ग्वालटोलीच्या बाजूने जाणाऱ्या गाड्यांची आठवण झाली. त्या दिवशी प्लेटच्या मागे कॅल रॅली नावाचा धिप्पाड मुलगा बसला होता. चेंडू जमिनीवर आपटून येत होते आणि हा दर वेळी छाती पुढे करून अंगावर घेत होता. ग्लोव्हने पकडायला जात नव्हता, अंग घालत होता. हे करणारा कॅचर मी लगेच ओळखते. घरी परतताना मी भाचीला म्हटलं, आजपासून माझा संघ हाच.

हा संघ १९७७चा. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, खेळलेला नाही, आणि सध्याच्या ३० संघांत असा हा एकच. २००१ साली १६२ पैकी ११६ सामने जिंकले, तरी वर्ल्ड सिरीज नाही. त्यानंतर प्लेऑफचं (हंगामानंतरच्या बाद फेरीचं) तोंड पाहायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात तिकडे एक पिढी मोठी झाली. भाचीच्या ऑफिसातले लोक या संघाबद्दल बोलताना आधी सुस्कारा टाकतात.

आता सेवेबद्दल. पहिली गोष्ट वेळेची, कारण इथे बसून बघायचं तर सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. उन्हाळ्याच्या महिन्यांत सिएटल आपल्या साडेबारा तास मागे असतं. त्यांचा घरचा सामना संध्याकाळी ६.४०ला, म्हणजे आपल्याकडे सकाळी ७.१०. इंदुरात याहून चांगली वेळ नाही. नाक्यावरून गरम पोहे-जिलबी येते, वर सेव आणि जिरावण, चहा तयार, आणि पहिला पिच, म्हणजे पहिला चेंडू, पडतो. २०२३पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, वेळेचं बंधन आलं आहे. बेस (धाव घेताना गाठायचे थांबे) रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, बेसवर धावपटू असेल तर आता १८ सेकंदांत. त्यामुळे पूर्वी तीन तासांच्या पुढे रेंगाळणारा सामना आता बहुधा पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. दहा वाजेपर्यंत माणूस मोकळा होतो, भाजी चिरायला बसतो.

संघ पूर्वेला गेला की मात्र कठीण. न्यूयॉर्क, बाल्टिमोर, अटलांटा इथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. आणि सिएटलची दुपारची मॅच म्हणजे आपली मध्यरात्र उलटलेली. यावर उपाय सेवेतच आहे आणि मला तो फार आवडला. सेटिंगमध्ये जाऊन स्कोअर लपवता येतात. मग सकाळी उठून जुना सामना उघडला तरी निकाल कुठे दिसत नाही, पहिल्या पिचपासून ताजा बघता येतो. माझ्या फोनवर दुसरंच एक खेळाच्या बातम्यांचं ॲप होतं, त्याने दोनदा निकाल आधीच फोडला. ते मी त्याच दिवशी काढून टाकलं.

तुम्हाला यजमान संघाचं प्रक्षेपण हवं की पाहुण्यांचं, ते निवडता येतं. टीव्हीच्या ऐवजी रेडिओचं समालोचनही लावता येतं. सिएटलच्या रेडिओवर रिक रिझ हे जुने समालोचक. मी कणीक मळताना त्यांचाच आवाज लावते. चेंडू कुठे गेला, कोण धावलं, किती बाद, सगळं ते डोळ्यांपुढे उभं करतात. इंग्रजीचा वेग सुरुवातीला झेपत नाही हे खरं. मे महिन्यापर्यंत कान सरावले. हिंदी समालोचन नाही, मराठी तर दूरच. ज्यांना खेळाचे नियम अजिबात ठाऊक नाहीत त्यांनी पहिले आठ-दहा सामने कुणा जाणत्याबरोबर बघावेत.

पण माझे पैसे ज्यात वसूल झाले ती गोष्ट वेगळीच आहे. बेसबॉलचा मुख्य कॅमेरा असतो सेंटरफील्डमध्ये, पिचरच्या पाठीमागे दूरवर. तिथून पिचरची पाठ दिसते आणि कॅचरचं तोंड. अडीच तास कॅचर समोर. मैदानावरच्या नऊ जणांत आठ जण प्लेटकडे तोंड करून उभे असतात, एकटा कॅचर त्यांच्याकडे बघत असतो. सगळं मैदान फक्त त्याला दिसतं. मी चार वर्षं तसं मैदान पाहिलं आहे, पण स्वतःला तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. रॅली कसा बसतो ते बघा. एक गुडघा जमिनीला टेकवतो, दुसरा पाय बाजूला पसरतो. आमच्या काळी असं बसलं असतं तर सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. आम्ही दोन्ही पावलांवर उकिडवं बसायचो, तिसऱ्या इनिंगला मांड्या थरथरायच्या. एक गुडघा टेकल्यामुळे ग्लोव्ह खाली राहतो आणि खालचा चेंडू खालून वर आणत पकडता येतो. त्यामुळे काठावरचा चेंडू अंपायरला स्ट्राइक (पिचरच्या बाजूने मोजला जाणारा चेंडू) वाटू शकतो. उजवा हात तो पायामागे दडवून ठेवतो. तो दडवलेला हात दिसला की माझी तर्जनी आपोआप दुमडते. खुणाही आता बोटांनी करत नाहीत, बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो कोणता चेंडू टाकायचा ते. हे सगळं हायलाइट्समध्ये कधीच दिसत नाही. हायलाइट्समध्ये चेंडू भिंतीबाहेर जाताना दिसतो, बस्स.

आणि मुद्दा हाच आहे. शेवटच्या महिन्यात हा संघ जसा जिंकला, तसं जिंकणं सप्टेंबर महिन्याच्या हायलाइट्स बघून कळत नाही. ऑगस्ट बघावा लागतो.

ऑगस्टमध्ये आम्ही पूर्वेच्या दौऱ्यावर नऊपैकी सात सामने हरलो. (आम्ही म्हणते, सवय झाली.) फिलाडेल्फियात तिन्ही गेले. सप्टेंबरची सुरुवात टॅम्पाला, तिथेही तिन्ही गेले. मग अटलांटात पहिला सामना हरलो तेव्हा हिशोब होता ७३ जिंकलेले, ६८ हरलेले. त्या दिवसांत मी पहाटे उठायचे, दोन-तीन इनिंगमध्ये पिचर मार खायचा, आणि बाहेर दूधवाला यायच्या आत सामना हातातून गेलेला असायचा. हे म्हणायचे, कशाला झोपमोड करतेस? मी बघत राहायचे कारण रॅली. अंगावर निळे-काळे डाग असणार, गुडघे बोलत असणार, धावफलकावर सात धावांनी मागे, आणि हा खाली पडलेल्या चेंडूवर अंग झोकतोच आहे. बेसवर कुणी नसताना सुद्धा! त्या चेंडूने काहीही बिघडणार नव्हतं. ते मी तीन-चारदा मागे नेऊन पाहिलं. शाळेत मुलींना हेच सांगून माझा घसा बसला होता.

तो अटलांटातला पराभव ५ सप्टेंबरचा. ६ सप्टेंबरला आपल्याकडे अनंत चतुर्दशी. इंदूरची ती रात्र झोपायची नसतेच. गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, आखाडे निघतात, आख्खं शहर रस्त्यावर. गिरण्या बंद होऊन किती वर्षं झाली, पण हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल ही नावं त्या रात्री झांक्यांवर झळकतात. आम्ही घरचा गणपती बोळवला, वहिनी-दादा आले होते, सगळे मिळून झांक्या बघायला गेलो, पहाटे परतलो. रविवारी उशिरा उठून मी स्कोअर लपवलेला सामना उघडला. १०-२ने जिंकलो. बरं वाटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशीचा १८-२. तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

त्या १०-२पासून धरून १८ सामन्यांपैकी १७ जिंकले. सलग दहा, मग एक हार, मग सलग सात. आपल्याकडे तो जवळजवळ अख्खा पितृपक्ष. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, या पंधरवड्यात नवं काही सुरू करू नये. तिकडे एका चाहत्याने म्हणे इंटरनेटवरून एका चेटकिणीला पैसे देऊन संघासाठी मंत्र घालून घेतला, आणि नेमकं त्यानंतर जिंकायला लागले म्हणून सगळा गाव तिचंच नाव घेत होता. लोकांच्या आनंदावर माझं काही म्हणणं नाही. पण १४० सामने पाहिलेल्या बाईला कारणं दिसत होती.

पहिलं कारण पिचर. वर्षाच्या सुरुवातीला लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्राइस मिलर हे तिघंही या ना त्या दुखापतीने बसले होते. कुणाचं कोपर, कुणाचा खांदा. सप्टेंबरात ते, लुइस कास्तियो आणि ब्रायन वू असे पाचही जण हाताशी होते. पिचर सहा इनिंग टाकायला लागला की मागच्या राखीव पिचरांना श्वास मिळतो, आणि शेवटच्या इनिंगला आंद्रेस मुन्योझ ताज्या हाताने येतो. दुसरं कारण जुलैच्या शेवटी अ‍ॅरिझोनाहून आणलेले दोघे, जॉश नेलर आणि युहेनियो सुआरेझ. नेलर अंगाने जाड, धावायला लीगमधल्या सगळ्यात हळू लोकांपैकी एक, आणि त्याने सिएटलला आल्यावर १९ बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पिचरला चकवून धावत पुढचा बेस गाठला. पायात वेग नसताना बेस चोरायचा म्हणजे पिचरचा खांदा कधी हलतो ते वाचायचं. कॅचर म्हणून मला असल्या धावपटूची फार भीती वाटायची. वेगवान पोरगी धावणार हे ठाऊकच असतं, जाड पोरगी निघाली की आपण अर्धा क्षण गाफील असतो, आणि तोच अर्धा क्षण ती घेऊन जाते.

तिसरं कारण मी तरी मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला म्हणतात) मानते. डॅन विल्सन. १९९४ ते २००५ हाच माणूस सिएटलचा कॅचर होता. १९९५ साली सिएटल ऑगस्टमध्ये १३ सामने मागे होतं आणि तिथून त्यांनी डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली, तेव्हा प्लेटच्या मागे विल्सनच होता. उशिरा जागं होणारा संघ कसा असतो हे त्याने मास्कच्या आतून पाहिलेलं आहे. आपल्याकडेही पाहा ना, मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी जिंकली २०२२ साली, तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. तेही यष्टिरक्षक. १९९९मध्ये कर्णधार म्हणून बंगळुरूच्या ज्या मैदानावर ते अंतिम सामना हरले, त्याच मैदानावर त्यांनी मुंबईला हरवून करंडक आणला. स्टंपामागे बसणारा माणूस मैदान उलटं बघतो, त्याला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. हा माझा हट्ट आहे म्हणा, पण मी तो सोडणार नाही. आमच्या वडिलांनी लहानपणी यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघ खेळताना पाहिला होता, चार वेळा रणजी जिंकलेला संघ. ते सी. के. नायडूंचे षटकार सांगायचे आणि मी यष्टिरक्षक कोण होता ते विचारायचे.

त्या अठरा सामन्यांतला एक मी चारदा पाहिला. १० सप्टेंबर, सेंट लुइसविरुद्ध. नऊ इनिंगला बरोबरी, मग दहा, अकरा, बारा. नियमित हंगामात जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आधीच धावपटू उभा करून देतात, त्यामुळे प्रत्येक पिचला जीव टांगणीला. जादा इनिंगला कॅचरचे हाल सगळ्यात जास्त. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना चेंडू मागे सुटला की धाव. तेराव्या इनिंगला बॅटिंगला आला लिओ रिवास, अंगाने लहानखुरा, राखीव खेळाडू, ज्याच्याकडून कुणी होमरनची (आपल्या षटकारासारखा थेट भिंतीबाहेर जाणारा फटका) अपेक्षा धरत नाही. त्याने होमरन मारला. ४-२. मी एकटी होते घरात, हे भाजी आणायला गेले होते. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारून विचारलं, काय झालं गं, पडलीस का?

मग ह्युस्टन. डिव्हिजन जिंकायची तर ह्युस्टन ॲस्ट्रोजच्या पुढे जायला हवं, आणि २०१७पासूनच्या आठ वर्षांत सात वेळा डिव्हिजन त्यांनीच घेतली होती. १९ सप्टेंबरला दोन्ही संघ अगदी बरोबरीत. तीन सामने, त्यांच्या मैदानावर. पहिला ४-० जिंकलो, पण वू पाच इनिंग टाकून छातीचा स्नायू आखडल्यामुळे बाहेर गेला. जिंकूनही जेवण गेलं नाही.

दुसरा सामना आपल्याकडे सर्वपित्री अमावस्येला. पहाटेपासून स्वयंपाकाची गडबड, आणि त्यात इंटरनेट गेलं. आमच्याकडे ज्यांचं कनेक्शन आहे त्यांची तार पाऊस पडला की तुटते, आणि तक्रार केली की माणूस संध्याकाळी येतो. यात एमएलबी टीव्हीचा काही दोष नाही, पण तुमच्या भागात इंटरनेटचं रडगाणं असेल तर आधी त्याची सोय करा. मी फोनच्या डेटावर रेडिओ लावला. त्याला डेटा अगदी कमी लागतो. ओट्यावर फोन, एका शेगडीवर खीर, दुसरीवर वडे. शेवटची इनिंग, आपण ६-४ पुढे, त्यांचे धावपटू बेसवर. चेंडू उजवीकडे उडाला. रिझ यांचा आवाज चढला, चढला, आणि मग गर्दीचा आवाज एकदम बसला. परक्या मैदानावर गर्दी गप्प झाली की काहीतरी आपल्या बाजूने घडलंय एवढं कळतं. नेमकं काय ते मला दुपारी कळलं, इंटरनेट आल्यावर. व्हिक्टर रॉबल्सने धावत येऊन आडवी उडी घेतली, चेंडू जमिनीला लागायच्या आत ग्लोव्हमध्ये, उठून लगेच आत फेक. धावपटू बेस सोडून पुढे आलेला, परतायच्या आत चेंडू बेसवर. एका चेंडूत दोन बाद, सामना खलास. पंगत उठल्यावर मी दादाला ते दाखवलं. तो पक्का क्रिकेटवाला, तरी म्हणाला, पुन्हा लाव. सहा वेळा लावलं.

तिसरा ७-३. घटस्थापनेची सकाळ होती, घट बसवले आणि मग सामना उघडला.

२३ तारखेला (त्यांची तारीख सांगते आहे) प्लेऑफ नक्की झालं. नेलरने आठव्या इनिंगला बेस भरलेले असताना डबल (मारणारा दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचतो असा फटका) मारला आणि तिघं घरी आले, तीन धावा. दुसऱ्या दिवशी डिव्हिजन. आपल्याकडे २५ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ७.१०. नवरात्राचा उपास, म्हणून पोह्यांच्या ऐवजी साबुदाण्याची खिचडी. पहिल्याच इनिंगला रॅलीचा ५९वा होमरन. आठव्या इनिंगला ६०वा.

६० होमरनबद्दल थोडं सांगते, नाहीतर आकडा नुसता आकडा राहील. मेजर लीगच्या इतिहासात एका हंगामात ६०पर्यंत पोहोचलेला हा सातवा माणूस. कॅचर म्हणून याआधीचा विक्रम ४८चा होता, सॅल्व्हाडोर पेरेझचा, २०२१चा. डावा-उजवा दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचे ५४, ते १९६१चे. सिएटलसाठी केन ग्रिफीचे ५६. हे तिन्ही विक्रम याने त्याच हंगामात मोडले, आणि खेळला १५९ सामने. कॅचर रोज शंभरावर वेळा खाली बसतो-उठतो. मांड्यांत ताकद उरते कुठे बॅट फिरवायला? होमरन मांड्यांतून येतो, हातातून नाही. सप्टेंबरच्या शेवटी त्या मांड्या तशा चालत होत्या हे मला अजून खरं वाटत नाही.

चेंडू उजवीकडे प्रेक्षकांत गेला. मी आवाज बंद केला. का ते सांगता येणार नाही. नुसतं चित्र बघत होते. तो बेसना फेरी मारून आला, हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले, मास्कचा वळ कपाळावर. माझ्या कपाळावरही तो वळ चार वर्षं होता. आई म्हणायची, कुंकू लावायला जागा ठेव. सामना ९-२ संपला, २००१नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, आणि मी खिचडी थंड करून बसले होते. भाचीचा व्हिडिओ कॉल आला, ती स्टेडियममधूनच बोलत होती, मागे एवढा गोंगाट की शब्द कळत नव्हता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. हे मागून येऊन म्हणाले, वसूल झाले का पैसे?

पुढचं थोडक्यात. शेवटचे तीन सामने लॉस अँजेलिसकडून हरलो, त्याचं काही वाटलं नाही, जागा पक्की होती. ९० विजय, ७२ पराभव. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना १५ इनिंग चालला, पाच तासांना दोन मिनिटं कमी, होर्हे पोलांकोने संपवला, ३-२. प्लेऑफमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू देत नाहीत, प्रत्येक धाव कमवावी लागते, आणि दोन्ही संघांना ती कमवता येत नव्हती. मग टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेलो. ऐन दिवाळीत, २१ ऑक्टोबरच्या सकाळी, सातव्या इनिंगपर्यंत ३-१ पुढे होतो. जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ३-४. वर्ल्ड सिरीज आठ बाद अंतरावर होती. फराळाचं ताट कुणी भरलं, कुणी खाल्लं, मला आठवत नाही. त्या हारण्यावर लिहायला अजून मन तयार नाही.

काही उणिवा. जाहिरातींच्या वेळी पडद्यावर बऱ्याचदा नुसती पाटी येते आणि तीच धून, सामन्यात सतरा-अठरा वेळा. मी त्या वेळात पोळ्या लाटते, पण एकट्या माणसाला कंटाळा येईल. रुपयांत पैसे भरायची सोय मला दिसली नाही, त्यामुळे कार्डावर परदेशी चलनाचा आकार वेगळा बसतो, तो धरून हिशोब करा. मोठ्या टीव्हीवर चांगलं दिसतं, फोनवर चेंडू शोधावा लागतो.

आणि एक उपयोग, जो मला आधी सुचला नव्हता. प्रत्येक सामन्याची दहा-बारा मिनिटांची छाटलेली आवृत्ती मिळते. रविवारी सकाळी मी अजूनही मैदानावर जाते, आठ-दहा मुली येतात. त्यातली एक तेरा वर्षांची, कॅचर, अंगाने दणकट, घरचे म्हणतात बॅडमिंटन खेळ. तिला मी ऑगस्टमधल्या हरलेल्या सामन्यातला तो तुकडा फोनवर दाखवला, सात धावांनी मागे असताना अंगावर घेतलेला चेंडू. तिने दोनदा पाहिला. म्हणाली, मॅडम, याला कुणी बघत नसेल असं वाटलं असेल ना? मग मास्क चढवला आणि एक गुडघा टेकवून बसली. मी दोन्ही पावलांवर बस असं म्हणणार होते, म्हटलं नाही.

तर घ्यायचं असेल तर मार्चमध्ये घ्या, सप्टेंबरमध्ये नाही. एखादाच संघ धरा आणि त्याचे मंगळवार-बुधवारचे साधे सामने बघा, हरलेले सुद्धा. जुने सामने हंगाम संपल्यावरही उघडता येतात, त्यामुळे आजपासूनही सुरुवात करता येईल. पण १८-२ पासून करू नका. ५ सप्टेंबरला अटलांटात हरलेला सामना आधी लावा, स्कोअर लपवून, आणि तिथून रोज एक.